हलक्या झेनला कुठलं इंजिन? माळावर आणि चोर्ल्याच्या रस्त्यावर तपासून

गडहिंग्लजच्या अलीकडं उसाचं वजन करायचा एक काटा आहे. हंगाम संपला की तो रिकामाच असतो. मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही तिथं मारुतीच्या तीन झेन गाड्या एकापाठोपाठ तोलल्या. माझी १९९८ ची, केए-२२ पासिंगची, मी स्वतः चालवत नेलेली, ती भरली ७४० किलो. मामेभावाची, म्हणजे आमच्या दादाची, एस्टीमचं १.३ चं इंजिन बसवलेली ७८०. आणि दादाच्या मित्राची, जुन्या बलेनोचं १.६ चं इंजिन घातलेली ८२०. या दोन गाड्या रस्त्यावर धावत नाहीत, टेम्पोत घालून आणाव्या लागतात. म्हणून आधी टेम्पोसकट वजन, मग रिकामा टेम्पो, मग वजाबाकी. काटा दहा-दहा किलोनं मोजतो, तेव्हा पाच-दहा किलो इकडंतिकडं धरा.

हे तीन आकडे वहीत लिहिले आणि पुढचा सगळा खर्च त्यांच्याकडं बघून केला.

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. पप्पांचं तिसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडं लेथचं छोटं शेड आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल. झेन त्यांनी नवी घेतली होती. आता ती माझ्याकडं आहे. झेनला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. मी म्हणते, म्हणायचं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २३३५ मिलीमीटर, वजन साडेसातशेच्या आत, स्टिअरिंगला पॉवर नाही त्यामुळं पुढच्या चाकाखाली काय चाललंय ते थेट हाताला कळतं. दोन सीटांची, फायबर बॉडीची सॅन स्टॉर्म, रेनोच्या ११४९ सीसी इंजिनाची, मीही एकदा विकायला आलेली बघून आले होते. देखणी गाडी आहे. पण मला बेळगावातल्या कुठल्याही स्पेअरच्या दुकानात पार्ट मिळणारी, आणि जुलैच्या पावसात कणकुंबीला जाता येईल अशी हलकी गाडी पाहिजे होती. झेनला तोड नाही.

आधी कंपनीचं मूळ इंजिन. ९९३ सीसी, चार सिलिंडर, ब्लॉक ॲल्युमिनियमचा, कार्बोरेटर, ५० बीएचपी म्हणजे पन्नास घोड्यांची ताकद. यातला सगळ्यात गोड आकडा पॉवरचा नाही, स्ट्रोकचा आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७२ आणि स्ट्रोक फक्त ६१ मिलीमीटर. पिस्टनला वर-खाली अंतरच थोडं, त्यामुळं हे इंजिन साडेसहा हजार आरपीएमपर्यंत कुरकुर न करता फिरतं. तिथं पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला तेरा मीटरच्या आसपास येतो, म्हणजे इंजिनाला त्रास काहीच नाही. जांबोटी सोडल्यावर जंगलातली वळणं लागतात तिथं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये याला फिरतं ठेवलं की गाडी नाचते. खालच्या आरपीएमला मात्र दम कमी. चार माणसं बसवून वंटमुरीचा चढ चौथ्या गिअरमध्ये काढू म्हणाल तर निघणार नाही, तिसरा टाकावाच लागतो.

यात आपल्या गावाचाही हात आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. इथली हवा गोव्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ. टर्बो नसलेलं इंजिन तेवढी हवा कमी ओढतं, म्हणजे पन्नासातले तीन-चार घोडे इथंच गळतात. चोर्ला उतरून साखळीला पोचलं की गाडी एकदम तरतरीत वाटते, ते सुट्टीच्या आनंदामुळं नव्हे. पप्पा हे कित्येक वर्षं सांगत होते, उंचीचा हिशेब मी मांडला तेव्हा ते म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो?"

आता दादाची गाडी. एस्टीमचं १२९८ सीसी, सोळा व्हॉल्वचं, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पेट्रोल फवारणारं), ८५ बीएचपी. बोअर ७४, स्ट्रोक ७५.५. झेनच्या इंजिनाचाच थोरला भाऊ, घराणं एकच, त्यामुळं झेनच्या बॉनेटखाली ते परकं वाटत नाही. गडहिंग्लजजवळ दादाच्या शेताला लागून मुरमाड माळ आहे. त्यावर ट्रॅक्टरच्या जुन्या टायरांची वळणं लावून त्यानं धावपट्टी केली आहे. तिथं मी ही गाडी सकाळी दोन तास चालवली. काय सांगू! दुसऱ्या गिअरमध्ये साडेतीन हजारांच्या वर गेली की पाठ सीटला चिकटते. ज्या एस्टीममधून हे इंजिन आलं ती पावणेनऊशे किलोच्या आसपासची सेडान. इथं त्याला शंभर किलो कमी ओढायचे आहेत. टनामागं हिशेब केला तर माझ्या गाडीला ६८ बीएचपी, दादाच्या गाडीला १०९.

मग १.६ ला किती असेल असं वाटतं ना? बलेनोचं १५९० सीसी, ९४ बीएचपी. भागाकार करा, ११५ येतात. म्हणजे १.३ वरून १.६ वर जाण्यासाठी एवढी यातायात करून टनामागं सहा घोडे मिळाले. आणि वाढलेलं वजन बहुतेक सगळं पुढच्या चाकांच्या डोक्यावर. त्या इंजिनाचा स्ट्रोक ९० मिलीमीटर आहे, त्यामुळं खालून ओढ जबरदस्त, चौथ्या गिअरमध्ये टाकून विसरून जा. लांबच्या हायवेला मला ते आवडलं असतं. पण माळावर तिसऱ्या टायराच्या वळणाला गाडी सरळच जायला बघत होती. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग आणखी वळवलं, तेव्हा कुठं नाक आत आलं. मुरमावर असं होणारच असं दादाचा मित्र म्हणाला. त्याच मुरमावर, त्याच वळणाला दादाची गाडी अशी वागली नव्हती. झेनची जी गोष्ट मला प्रिय आहे, नाकाचं हलकेपण, तीच १.६ नं खाल्ली. हे माझं मत आहे आणि ते मी त्याच्या तोंडावर सांगितलं.

स्विफ्टचं के-सिरीजचं ११९७ सीसी इंजिन झेनमध्ये घातलेलं मी चालवलेलं नाही, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या स्विफ्टमध्येच चालवलंय. ८५ च्या घरातली ताकद, टायमिंगला बेल्टऐवजी चेन, इंजिन म्हणून फार गुणी. पण त्याचं घराणं वेगळं. माउंटिंग नव्यानं बनवा, वायरिंग सगळं नवं ओढा, आणि इम्मोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप, किल्ली, त्याचा डबा आणि ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) असा तिन्हींचा संच जुळल्याशिवाय इंजिन सुरू होऊ देत नाही. ज्याच्याकडं स्वतःचं गॅरेज आहे त्यानं करावं. मी वजाच केलं.

इंजिन बदलायचंच असेल तर एक गोष्ट आधी मनात पक्की करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालणार नाही. ९९३ च्या आरसीवर १२९८ चं इंजिन घेऊन तुम्ही फिरलात आणि अपघात झाला, तर इन्शुरन्सवाले पहिलं बोट तिथंच ठेवतात. दादानं म्हणूनच त्याची गाडी माळापुरती ठेवली आहे. आपल्या भागात तर रोजचंच इकडं-तिकडं चालतं. हिंडलगा सोडलं की शिनोळीला महाराष्ट्र, निपाणी ओलांडली की कागल. दोन राज्यांच्या पोलिसांपुढं कागद दाखवावे लागणाऱ्या माणसानं कागद स्वच्छच ठेवावेत.

मग मी काय केलं? ९९३ सीसीच ठेवलं. शेवटच्या काळातल्या झेनला याच मापाचं एमपीएफआय इंजिन यायचं, ६० बीएचपीचं. मेक तोच, सीसी तेवढेच, माउंटिंग तेच. आरटीओची आधी परवानगी काढायची, काम करायचं, गाडी दाखवायची, नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. पन्नासाचे साठ म्हणजे वीस टक्के वाढ, टनामागं ६८ चे ८१. आकड्यात थोडी वाटते, चढावर थोडी वाटत नाही.

दुसरं कारण पेट्रोलचं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. संकेश्वर, निपाणी, चिकोडी, सगळीकडं ऊसच ऊस, त्याचंच ते इथेनॉल, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो. जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, भोक ठरलेलं असलेल्या कार्बोरेटरला ते कळत नाही, मिश्रण पातळ होतं, सकाळी गाडी खाकरते आणि घाटात गरम होते. एमपीएफआयचा ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमधला वायू बघून ईसीएमला सांगतो, ईसीएम पेट्रोल वाढवतो. ज्यांना कार्बोरेटरच ठेवायचाय त्यांनी एक नंबर मोठा जेट टाकून बघावा. आणि इंजिन कुठलंही असो, पेट्रोलचे जुने रबरी होज आजच बदला. पंचवीस वर्षांचं रबर इथेनॉलपुढं टिकत नाही, आणि तो होज गरम एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर असतो.

इंजिन घेताना मी एकदा फसले. पहिला संच ज्या भंगारवाल्याकडून घेतला त्यानं ईसीएम दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा दिला होता. इंजिन सुरू व्हायचं, गरम झालं की लंगडायचं. सेन्सर बदल, प्लग बदल, बारा दिवस गेले. शेवटी पिरनवाडीच्या मिस्त्रींनी डब्यावरचा नंबर वाचला आणि म्हणाले, "अक्का, हे आपलं न्हवंच की." दुसरा संच मी अपघातात मागून चेपलेल्या एका झेनमधून पुरा काढून घेतला, समोर उभं राहून. इंजिन, गिअरबॉक्स, ईसीएम, हार्नेस, ॲक्सिलरेटरची केबल, आणि पेट्रोलची टाकीसुद्धा. टाकी लोक विसरतात. एमपीएफआयचा पंप टाकीच्या आत असतो, कार्बोरेटरच्या गाडीचा पंप तेवढं प्रेशर देत नाही. सोबत बिल, त्या गाडीच्या आरसीची झेरॉक्स आणि आरसी रद्द झाल्याचा कागद घेतला, कारण आरटीओत पहिलं तेच मागतात. संच अठ्ठावीस हजारांना पडला, बसवणावळ अकरा हजार.

बसवायच्या आधी हेड खोललं. व्हॉल्व सीट कटिंग, लॅपिंग, नवे सील, हेड फेसिंग, सगळं मिळून ४,८०० रुपये. फेसिंगला देताना 'जेवढं लागेल तेवढंच' असं दोनदा सांगा. जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं म्हणून काही जण मुद्दाम घासायला लावतात, पण हेड खाली आलं की कॅम आणि क्रँकमधलं अंतर कमी होतं, बेल्टवरचं कॅमचं टायमिंग किंचित मागं सरकतं, आणि मिळवलेलं तिथंच जातं. आमचं आठ शतांश मिलीमीटरमध्ये सपाट झालं. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलले.

फ्लायव्हील म्हणजे क्रँकच्या टोकाला फिरणारं जड चाक. त्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ते माझ्या रोजच्या कामातलं आहे. हलकं फ्लायव्हील म्हणजे स्वस्तातला बदल असं सगळे म्हणतात, आणि बेळगावात लेथ काय गल्लोगल्ली आहेत. पण फ्लायव्हील बिडाचं असतं. बीड दाबाला पक्कं, ताणाला कच्चं. साडेसहा हजार आरपीएमला बाहेरची कड बाहेर फेकली जायला बघते, म्हणजे पूर्ण ताण. क्लच प्लेट जिथं घासते त्याच्या मागची जाडी कमी केलीत तर ते फुटू शकतं, आणि फुटलं तर बॉनेट फाडून येतं. मी पप्पांना क्लचच्या बाजूला हातसुद्धा लावू दिला नाही. मागच्या बाजूनं, रिंग गिअरच्या आतल्या कडेवरून फक्त साडेसातशे ग्रॅम काढले. केंद्रापासूनचं अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच वजनाचा जडपणा चौपट होतो, म्हणून कडेचे साडेसातशे ग्रॅम मधल्या दोन किलोंपेक्षा जास्त काम करतात. मग डाय टेस्ट करून भेगा नाहीत हे बघितलं, आणि डायनॅमिक बॅलन्सिंग करून घेतलं. टेस्ट आणि बॅलन्सिंगचे १,८०० रुपये. लेथचं काम घरचं. गिअर खाली टाकताना इंजिन चटकन आरपीएम घेतं, जोडायला मजा येते. खडेबाजारातल्या गर्दीत मात्र क्लच थोडा जपून सोडावा लागतो. जास्त काढलं असतं तर रोज वापरायला ती गाडी नको झाली असती.

पण यातलं काहीही करायच्या आधी मी टायर बदलले होते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक त्यांनीच पाडला. मूळ माप १४५/७० आर १३. मी १५५/७० आर १३ घातले, जुन्या सँट्रोचं माप, कुठल्याही दुकानात मिळतं. चारी मिळून १४,८०० रुपये. चाकाचा व्यास ५३३ वरून ५४७ मिलीमीटर होतो, म्हणजे स्पीडोमीटर शंभर दाखवतो तेव्हा गाडी शंभराच्या दोन-अडीच वर असते, हे ध्यानात ठेवा. याहून रुंद जाऊ नका. पावसात हलक्या गाडीला रुंद टायर पाण्यावर तरंगवतो, आणि कणकुंबीचा पाऊस म्हणजे काय हे मलप्रभेच्या उगमाला गेलेल्या माणसाला सांगायला नको.

ब्रेकला नवी डिस्क, चांगले पॅड, नवे होज आणि डॉट ४ चं ऑइल. डॉट ३ चं ताजं ऑइल निदान २०५ अंशापर्यंत उकळत नाही, डॉट ४ चं २३० पर्यंत. पण ओलावा शिरला की हे आकडे १४० आणि १५५ वर येतात, आणि आमच्याकडं पावसाळ्यात हवाच ओली. दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच, मग गाडी उभी असली तरी. सगळं मिळून ६,२०० रुपये.

पुढचे लोअर आर्म, सगळे बुश आणि शॉकअप कंपनीच्याच मापाचे नवे टाकले. गाडी खाली बसवायच्या स्प्रिंग दादानं सुचवल्या होत्या, पण त्या मला नको होत्या. खानापूर रोडवरचे स्पीडब्रेकर आणि पहिल्या पावसानंतरचे खड्डे बघितले तर झेनला आहे ती उंचीसुद्धा पुरत नाही. नव्या बुशांनंतर अलाइनमेंट करून आले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "अक्का, इंजिन मोठं घाला म्हणतात सगळी. मग ब्रेक मोठं पाहिजे, मग रेडिएटर मोठा पाहिजे, मग शॉकअप बी. मग एस्टीमच घ्या की सरळ." इतकी वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्या उघडल्या आहेत. त्यांचं ऐकलं ते बरं झालं.

तुमच्याकडं वीस-पंचवीस हजारच असतील तर इंजिनाकडं बघूही नका. टायर, ब्रेक, बुश, होज, एवढंच करा. साठ हजार असतील आणि गाडी कार्बोरेटरची असेल तर ६० बीएचपीचा संच, कागदांसकट. स्वतःचा माळ असेल, टेम्पो असेल आणि फक्त मुरमावर धुरळा उडवायचा असेल तर १.३ सारखं दुसरं इंजिन नाही. पण मग गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, रेडिएटर सगळं एकाच एस्टीममधलं घ्या, तुकडे जोडत बसू नका. दादाचं अर्धं वर्ष तुकडे जोडण्यातच गेलं. १.६ मी कुणाला घ्या म्हणणार नाही.

आरसीवर नवा नंबर चढला त्याच आठवड्यात पप्पांना घेऊन निघाले. पहाटे साडेपाचला घर सोडलं, जांबोटीला चहा घेतला. तिथून त्यांनी किल्ली मागितली. गेली सहा-सात वर्षं ते घाटात गाडी चालवत नव्हते. कणकुंबीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, नुसते गिअर वर-खाली करत होते, आणि मी त्यांच्या डाव्या हाताकडं बघत होते. देवळापाशी थांबलो. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनावर थोडा वेळ तळहात ठेवला आणि म्हणाले, "मागं डावीकडं काहीतरी वाजतंय ग. ट्रेलिंग आर्मचा बुश असणार." मी खाली वाकून बघितलं. तोच होता. मागचे बुश मी 'अजून चालतील' म्हणून सोडले होते. सोमवारी नवे सांगितलेत, साडेसातशेला जोडी.